फोडणीच्या आधी मांजराचा वाटा

आषाढ पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि बायका चहाला ओट्यावर टेकल्या. तेवढ्यात एका ताईंनी आम्हाला बाजूला घेतलं. "सिस्टर, एक विचारायचं होतं. आम्ही वर्षावासाचे तीन महिने घरात मटण-मासळी बंद ठेवतो. यंदा मांजरीचंही बंद केलं. दूध-चपाती, नाहीतर वरणभात देतो. पहिले चार दिवस ओरडून घर डोक्यावर घेतलं तिने. आता गुमान खाते. चालेल ना?"

आम्ही विचारलं, अंडं तरी? "तेपण नाही. एका घरात दोन न्याय कसे?"

ओट्यावरच्या आणखी दोघी-तिघी सरकून जवळ आल्या. एकीचा बोका फक्त सुकट खातो, एकीची मांजरी चहात बुडवलेली खारी मागते, एकीच्या सासूने सून गरोदर राहिली म्हणून मांजर पोत्यात घालून लांब सोडायचं ठरवलंय. चहा गार झाला. वस्तीत गल्लीगल्लीत मांजरं आहेत, पण त्यांच्या ताटलीत काय पडतं यावर कोणी कधी नीट बोललेलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणून या वेळचं आरोग्य पान मांजरासाठी.

आधी ताईंचं उत्तर. नाही, चालणार नाही.

माणूस शाकाहारावर चांगला जगू शकतो. डाळी, कडधान्यं, भाज्या, दूध नीट मिळालं तर काही अडत नाही. कुत्रंही भाकरतुकड्यावर बऱ्यापैकी निभावून नेतं. मांजराचं तसं नाही. टॉरिन नावाचा एक घटक आहे, तो आपलं शरीर स्वतः तयार करतं. मांजराचं शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही, त्याला तो मांसातून आणि माशातूनच मिळवावा लागतो. भातात तो नाही, डाळीत नाही, चपातीत नाही आणि दुधात अगदी नावापुरता. तो बरेच महिने कमी पडला की डोळ्याच्या आतला पडदा खराब होऊ लागतो. अशी गेलेली नजर परत येत नाही. हृदयाचा स्नायू कमजोर होऊन हृदय फुगतं. मांजरी गाभण असेल तर पिल्लं मेलेली किंवा अगदी किडकिडीत जन्मतात. १९८७ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं, की हृदय फुगून मरणाऱ्या कित्येक मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं आणि ती मांजरं चांगल्या डबाबंद खाद्यावर वाढलेली होती. मग कंपन्यांनी खाद्यात टॉरिन वाढवलं. एवढ्या मोठ्या कारखान्यांना उशिरा कळलं, तिथे आपल्याला आधी कळलं नाही याचा कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

अ जीवनसत्त्वाचंही तसंच. गाजर खाऊन आपलं शरीर त्यातून अ जीवनसत्त्व करतं, मांजराचं करत नाही. त्याला ते कलेजीतून, अंड्यातून, माशातून तयारच मिळावं लागतं.

तीन महिन्यांत ताईंची मांजरी आंधळी होईल असं आम्ही म्हणत नाही. पण आम्ही घरी जाऊन तिला मांडीवर घेतलं तेव्हा पाठीचा एकेक मणका बोटाला लागत होता आणि केस झाडूसारखे राठ झाले होते. ती गुमान खात होती कारण दुसरं काही मिळत नव्हतं.

राहिला दोन न्यायांचा प्रश्न. देवदत्ताने संघासाठी पाच कडक नियम मागितले होते, त्यात मासे-मांस जन्मभर वर्ज्य करण्याचाही एक होता. तथागतांनी ती सक्ती मान्य केली नाही. आपल्यासाठी प्राणी मारल्याचं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तशी शंकाही नसेल, तर भिक्षापात्रात पडलेलं मांस भिक्खूंना चालत असे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये अहिंसेवर लिहिताना मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी असा फरक केला आहे आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नाही, असं मांडलं आहे. मांजराची गरज तर निसर्गानेच ठरवलेली. ताईंचा संकल्प ताईंनी घेतलाय, तो त्यांनी आनंदाने पाळावा. मांजरीने घेतलेला नाही. घरात मांस शिजवायला नको वाटत असेल तर मांजराचं तयार खाद्य आणा, किंवा शेजारणीकडून तिच्या कालवणातला बिनमसाल्याचा वाटा घ्या.

आता बिनमसाल्याचा म्हणजे काय, ते सविस्तर सांगायला हवं. खरी गोम तिथेच आहे.

आपल्या घरात रविवार कसा येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी कोणीतरी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानात रांगेत. घरात वाटण चाललेलं. वजडी असेल तर बाई ती चुन्याने, गरम पाण्याने घासूनघासून पांढरी करते, तासभर मोडतो तिचा. पावसाळी संध्याकाळी तव्यावर सुका बोंबील पडला की वास गल्लीच्या टोकाला जातो आणि कुठल्या कुठल्या पत्र्यांवरून मांजरं उतरून दारात येऊन बसतात. आमच्यातल्या एकीची मुलगी लग्न होऊन फ्लॅटमध्ये गेली. तिथे बोंबील भाजायचा तर ती खिडक्या लावून घेते, शेजारी नाक मुरडतात म्हणून. तिची मांजर मात्र त्या बंद खिडकीशी बसून एवढ्या मोठ्याने ओरडते, की सगळ्या मजल्याला कळतं आज काय आहे ते.

हा आनंद मांजराबरोबर वाटून घ्यावा असं कोणालाही वाटेल. आणि आपण काय करतो? जेवण झाल्यावर ताटातला रस्सा, हाडं, उरलेला भात एकत्र कालवून दाराबाहेर ठेवतो. प्रेमानेच ठेवतो. पण त्या रश्श्यात कांदा आहे, लसूण आहे.

कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. मांजराच्या वजनाच्या दर किलोला सुमारे पाच ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो. तीन किलोच्या मांजराला पंधरा ग्रॅम, म्हणजे चिरलेला कांदा चमचा-दीड चमचा. लसूण त्याहून जहाल. शिजवून, तळून, वाळवून हे विष जात नाही, आणि आपल्या काळ्या मसाल्यात, घाटी मसाल्यात भाजलेला कांदा-लसूण असतोच. दाट रस्सा रोज थोडा थोडा पोटात गेला तरी पेशी हळूहळू फुटत राहतात. मांजर मलूल होतं, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा पिवळट दिसतात, लघवी चहाच्या रंगाची होते. हे कळायला दोन-चार दिवस जातात, तोवर रविवार विसरलेला असतो. घरात म्हणतात, कोणाची नजर लागली.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. वाटा काढायचा तो फोडणीच्या आधी. मटण, चिकन धुऊन झालं की मांजरापुरते तुकडे बाजूला काढा, साध्या पाण्यात वेगळे उकडा. मीठ नको, आलं-लसूण नको, मसाला नको. उकडलेलं पाणी मात्र फेकू नका, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरतं. त्यातच मांस कुस्करून, हवा तर घासभर भात मिसळून, कोमट द्या. कोमट दिलं की वास येतो आणि मांजर वासावरच जेवतं.

एक बाई लगेच म्हणाल्या, "आमच्याच ताटात अर्धा किलोत सात माणसं, मांजराला कुठून?" रास्त आहे. पण मांजराला जे उत्तम ते बरंचसं आपण किंवा दुकानदार टाकून देतो. कोंबडीचं हृदय हे टॉरिनचं भांडार आहे आणि ओळखीचा चिकनवाला हृदय, पेटे स्वस्तात देतो. मटणाचे कापताना निघालेले बारीक तुकडे, बकऱ्याचं फुप्फुस, साफ केलेल्या वजडीची टोकं, माशाचं डोकं उकडून त्यातून सोडवलेलं मांस, हे सगळं चालतं. तीन-साडेतीन किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम शिजवलेलं मांस पुरतं, दोन-तीन वेळांत विभागून. जे मांजर बाहेर फिरून उंदीर धरतं त्याला कमी लागेल. उंदरासोबत त्याला हाडंही मिळतात, म्हणजे कॅल्शियम. घरातच राहणाऱ्या मांजराला नुसत्या मांसातून कॅल्शियम मिळत नाही. त्यासाठी अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, पिठासारखं बारीक कुटून ठेवा आणि अर्धा किलो मांसाला सपाट अर्धा चमचा घाला. वाढत्या पिल्लांचं प्रमाण मात्र पशुवैद्यांना विचारूनच.

कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, सुपारीएवढा तुकडा. रोज नको. रोज भरपूर कलेजी खाणाऱ्या मांजराच्या अंगात अ जीवनसत्त्व साठून मानेची हाडं जखडतात. आणि कलेजीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं आहे. रविवारी कलेजी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जाते आणि जिचं हिमोग्लोबिन आठवर आहे ती शेवटी रस्सा-भात खाते, हे आम्ही घराघरांत पाहतो. फोडणीआधी वाटा काढायची सवय लावतोच आहोत, तर पातेल्यातून पहिला वाटा कोणाचा काढायचा हेही एकदा घरात बोला.

मासळीबद्दल. काही कच्च्या माशांत असा घटक असतो जो शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतो. बाजारातून आणलेली कच्ची मासळी रोज खाणारं मांजर लडखडत चालायला लागतं, मान छातीकडे वाकते, झटके येतात. शिजवलं की तो घटक नष्ट होतो, म्हणून मासळी शिजवूनच. नुसत्या माशावरही मांजर ठेवू नका, आठवड्यातून दोनदा पुरे. सुक्या मासळीत फरक आहे. बोंबील बहुधा नुसत्या उन्हात वाळवतात, खारा बांगडा मिठात मुरवलेला असतो. खारा मासा मांजराला देऊच नये. बोंबील, जवळा, सुकट आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन वाळू काढा, भिजवा, उकडा आणि चव लागण्यापुरतं द्या. ज्यांचा बोका सुकटीशिवाय तोंड लावत नाही त्यांनी उकडलेल्या चिकनवर सुकटीची चिमूट भुरभुरावी आणि दर आठवड्याला ती चिमूट लहान करत जावी. एकदम बंद करून उपाशी ठेवू नका. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर त्याचं यकृत बिघडू शकतं, लठ्ठ मांजराचं तर लवकर.

दूध मांजराचं अन्न आहे हा समज फार जुना. पिल्लू आईचं दूध पितं तेवढंच. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, पातळ होतं, आणि मग घरात घाण केली म्हणून तेच मार खातं. वैशाख पौर्णिमेला आपण खीरदान करतो, उरलेली खीर मांजरापुढे ठेवतो. तेही चाटूनपुसून खातं. गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही, तिच्या जिभेवर ती सोयच नाही. ते खिरीतल्या सायीच्या मागे असतं. पण खिरीत मनुके असतात आणि मनुके, द्राक्षं मांजराला देऊ नयेत. चॉकलेटही नको. चहा-खारीवाल्या ताईंना आम्ही एवढंच सांगितलं, की ती सवय तुमची आहे, तिला लावू नका.

शिजलेलं हाड काट्यासारखं फुटतं आणि घशात, आतड्यात रुततं. द्यायचं तर मांस सोडवून द्या. मटणाच्या पिशवीचा दोरा, पतंगाचा मांजा मांजराने गिळला आणि टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका, आतडं चिरतं. तसंच दवाखान्यात न्या.

तयार खाद्याची पाकिटं आता किराणा दुकानातही टांगलेली दिसतात. त्यात दोन जाती आहेत. पाकिटावर संपूर्ण आहार, म्हणजे 'कम्प्लीट', असं लिहिलेलं असेल तर त्यावर मांजर जगू शकतं. लांबट पुडीतलं चाटायचं पातळ खाद्य हा नुसता खाऊ आहे. आपल्या पोरांना जशी वेफर्सची पुडी, तसं. पोट भरत नाही, पैसे संपतात. मोठ्या गोणीतून सुटं विकतात ते घेऊ नका, पावसाळ्यात त्याला बुरशी येते. कुत्र्याचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून मांजराला रोज घालू नका, त्यात मांजरापुरतं टॉरिन नसतं. कोरडं खाद्य देत असाल तर शेजारी स्वच्छ पाणी ठेवा आणि एक जेवण तरी ओलं द्या. मांजर मुळात पाणी कमी पितं. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतोय, कण्हतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं तर उद्यावर टाकू नका. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत मरतो.

आता एक आमचीच चूक. आम्ही दोघी मैत्रिणी नोकरीला लागलो तेव्हा एका खोलीत राहायचो. सोन्या नावाचा बोका होता. भांडणात चावा बसून अंग तापलं होतं त्याचं. आम्ही डिप्लोमावाल्या, वॉर्डात रोज गोळ्या वाटणाऱ्या. पॅरासिटामॉलच्या पाचशेच्या गोळीचा पाव तुकडा केला, उकडलेल्या बोंबलात लपवला आणि भरवला. लहान मुलाला देतो त्याहून जास्त थोडंच आहे, असा हिशोब. संध्याकाळी त्याचं तोंड सुजलं, लाळ गळायला लागली, हिरड्या काळपट तपकिरी झाल्या. सकाळपर्यंत गेला. माणसाचं यकृत हे औषध ज्या वाटेने निकामी करतं ती वाट मांजरात जवळजवळ नाहीच, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकदच संपते. यावर उतारा आहे, काही तासांत दवाखान्यात पोहोचलं तर मांजर वाचू शकतं. आम्ही पोहोचलो नाही, कारण गोळी आपणच दिली आणि ती विष असेल असं आम्हाला सुचलंच नाही. माणसाची तापाची, अंगदुखीची कुठलीही गोळी मांजराच्या घासात लपवू नका. पाव नको, चिमूटभर नको.

उंदराचं विष टाकणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं, की विष खाऊन झिंगलेला उंदीर मांजराला सगळ्यात आधी सापडतो. गल्लीत कोणी विष टाकणार असेल तर आधी शेजाऱ्यांना सांगायला लावा आणि ते दिवस मांजर घरात ठेवा.

आणि ती गरोदर सून. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाज्मा नावाचा जंतू येऊ शकतो आणि तो गर्भाला धोकादायक आहे, हे खरं. पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो लगेच लागण करत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. रोजच्या रोज ती जागा साफ झाली तर धोका फार कमी होतो. ते काम गरोदर बाईने करायचं नाही, घरातल्या पुरुषाने करायचं आणि साबणाने हात धुवायचे. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही. हाच जंतू अर्धंकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही येतो, तिकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे फुकट असते, सगळे डोस पुरे करा. मांजरालाही वर्षाला एकदा ही लस टोचून घ्या.

त्या सासूबाईंशी आम्ही दोनदा बोललो. पोतं परत फळीवर गेलंय. घाण काढायचं काम मुलाकडे लागलं आणि त्याने पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधून असा काही तमाशा केला, की सून हसून हसून बेजार. वर्षावासवाल्या ताईंचा संकल्प चालू आहे. शेजारीण रोज दुपारी वाटीभर उकडलेलं चिकन पाण्यासकट आणून दारात ठेवते आणि मांजरी वाटी वाजायच्या आधीच उंबऱ्यावर येऊन बसलेली असते.